व्हायब्राफोनवरचे जॅझ शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम : सूर थांबवायला शिकवणारे धडे

जॅझ इम्प्रोव्हायझेशनचे (आयत्या वेळी सुचेल तसे वाजवण्याचे) बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रम पियानो, गिटार किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले असतात आणि व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर मॅलेटने (टोकाला गोळा असलेल्या काठीने) वाजवायचे वाद्य, शिकणाऱ्याला त्यातले सगळे आपल्या वाद्याशी जुळवून घ्यावे लागते. मी नुकताच पूर्ण केलेला अभ्यासक्रम याला अपवाद आहे. त्याचा निम्मा भाग मला अतिशय मोलाचा वाटला आणि उरलेला निम्मा अपुरा वाटला.

मोलाचा भाग डॅम्पिंगचा, म्हणजे घुमणारा सूर थांबवण्याचा आहे. व्हायब्राफोनच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आघात केला आणि पेडल दाबून ठेवले, तर सूर कित्येक सेकंद घुमत राहतो. पेडल सोडताच फेल्टची दांडी सगळ्या पट्ट्यांना एकदम टेकते आणि सगळेच सूर बंद होतात. त्यामुळे वेगवान ओळ पेडल दाबून वाजवली तर सूर एकमेकांत कालवले जातात आणि पेडल सोडून वाजवली तर प्रत्येक सूर कोरडा, तुटक निघतो. यावरचा उपाय म्हणजे एका मॅलेटने नवा सूर वाजवत असतानाच दुसरी मॅलेट आधीच्या पट्टीवर हलकेच दाबून फक्त तेवढाच सूर थांबवणे. व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांनी हे तंत्र ज्या उंचीवर नेले, ती गाठायची तर पहिली पायरी कोणती, हे इथे फार नेमकेपणाने शिकवले आहे. आधी शेजारशेजारचे सूर, मग मोठी अंतरे आणि नंतर थेट कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), असा हा क्रम आहे.

कॉर्डच्या धड्यातले एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन ही जॅझमधली कॉर्डची सर्वांत परिचित मालिका आहे. पहिल्या कॉर्डमधले एफ आणि सी हे दोन सूर वाजवायचे, दुसऱ्या कॉर्डवर येताना बी वाजवता वाजवता सी थांबवायचा आणि एफ मात्र तसाच घुमू द्यायचा, कारण तो आता जी सेव्हनचा सातवा सूर झालेला असतो. पुढे बी घुमत ठेवून एफच्या जागी ई आणायचा. पेडलने हे साधत नाही, कारण पेडल सोडले की एफही जातो. कॉर्ड बदलताना कोणता सूर पुढे सरकतो आणि कोणता जागेवर राहतो, हे पुस्तकात वाचलेले होतेच. पण हाताने एक सूर बंद केल्यावर दुसरा एकटाच मागे उरलेला ऐकला, तेव्हा ते कानाला प्रथमच पटले. हार्मनी शिकण्यासाठी इतके योग्य दुसरे वाद्य क्वचितच असेल असे मला वाटते आणि अभ्यासक्रमाने वाद्याचा हा गुण पुरेपूर वापरला आहे.

चित्रीकरणही त्याला साजेसे आहे. एक कॅमेरा वरून पट्ट्या दाखवतो, दुसरा सतत पायावर असतो आणि ध्वनिमुद्रण इतके जवळून केले आहे की फेल्ट पट्टीला टेकल्याचा आवाजही कळतो. अर्धे पेडल म्हणजे नेमके किती, हे शब्दांत सांगणे जवळजवळ अशक्य आहे. इथे ते डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते.

पकडीच्या बाबतीत अभ्यासक्रम पहिल्याच धड्यापासून चार मॅलेटचा आग्रह धरतो आणि फक्त बर्टन पकड शिकवतो. तळहातात दोन दांड्या एकमेकींना छेदून घट्ट राहत असल्याने एकेरी ओळीला या पकडीत जोर मिळतो, त्यामुळे निवड योग्यच आहे. चार मॅलेटची घाई मात्र मला पटत नाही. व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सन यांचे ब्लूजमधले बोलके वादन दोन मॅलेटचे आहे. वाक्य कुठे सुरू करावे आणि कुठे सोडावे, हे आधी दोन मॅलेटवर पक्के झाले असते तर अनेकांचे पुढचे कष्ट वाचले असते. मोटर (पट्ट्यांखालच्या नळ्यांतल्या चकत्या फिरवून सुराला कंप देणारी) बंद ठेवा, एवढे एका वाक्यात सांगून तो विषय संपवला आहे. बर्टन यांच्या शैलीसाठी ते ठीक आहे. पण जॅक्सन मोटरची गती कमी ठेवून सुराला जो संथ कंप देत, तो त्यांच्या आवाजाचा प्राण होता आणि त्यासाठी एक स्वतंत्र धडा हवाच होता.

उत्तरार्धात इम्प्रोव्हायझेशन सुरू होते आणि तिथे अभ्यासक्रम सैल पडतो. प्रत्येक कॉर्डसाठी एक स्केल दिली जाते आणि ती वर-खाली घोटून घेतली जाते. माहिती अचूक आहे, पण तेवढ्यावर सोलो उभा राहत नाही. लहानशी कल्पना घेऊन ती ताल बदलून पुन्हा मांडणे, मध्ये जागा सोडणे, आधी गाऊन मग वाजवणे, यांपैकी जवळजवळ काहीच इथे नाही. बारा बारच्या (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) ब्लूजवर फक्त तीन सुरांत सोलो रचायला लावणारा एक धडा आहे आणि तो उत्तम आहे. असे आणखी धडे असते तर माझे मत वेगळे झाले असते. सरावासाठी दिलेले साथीचे ट्रॅकही वेगवान आहेत. नव्याने डॅम्पिंग शिकणाऱ्याला संथ लयीची गरज असते, त्यामुळे मी ते बाजूला ठेवून मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर लावून सराव केला.

आपले ध्वनिचित्रमुद्रण पाठवून अभिप्राय मिळवण्याची सोय आहे. मनगट आणि पाय यांबद्दलचा अभिप्राय बारकाईने दिलेला होता, माझ्या सोलोच्या रचनेबद्दल मात्र फारसे काही नव्हते.

ज्यांना मेजर व मायनर स्केल येतात, स्वरलेखन वाचता येते आणि पेडल असलेले वाद्य हाताशी आहे, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. टेबलावरच्या लहान झायलोफोनवर किंवा साध्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर पूर्वार्ध शिकता येणार नाही, कारण थांबवण्यासारखी आसच तिथे नसते. पूर्वार्धातले धडे क्रम न मोडता करावेत. उत्तरार्धाला पोहोचल्यावर मात्र जॅक्सन किंवा व्हायब्राफोनवादक बॉबी हचरसन यांच्या एखाद्या सोलोचा एकच कोरस (रचनेचे एक पूर्ण आवर्तन) निवडावा, तो तोंडपाठ गाता येईपर्यंत ऐकावा, मग वाजवावा आणि प्रत्येक सूर त्यांनी कुठे संपवला आहे तेही लिहून काढावे.