कोरेगाव पार्क की बाणेर? भाड्याच्या घराचा हिशेब

पुण्यात नोकरी लागली, पगार बरा आहे आणि घर ‘जरा चांगल्या एरियात’ हवंय असं म्हटलं, की एजंट दोन नावं हमखास पुढं करतो: कोरेगाव पार्क नाहीतर बाणेर. दोन्हीकडे कॅफे, दोन्हीकडे पब, दोन्हीकडे रात्री अकराला कुत्रा फिरवणारी माणसं. सारखेपणा एवढाच. राहायला लागलं की दोन्ही घरांची दुखणी पार वेगळी निघतात.

आधी ऑफिस. ते हिंजवडीत असेल तर बाणेर-बालेवाडीतच बघा, कोरेगाव पार्कच्या मोहात पडू नका. वीस किलोमीटरच्या आसपासचं अंतर, मध्ये विद्यापीठ चौक, आणि हे रोज दोनदा. ज्या कॅफेंसाठी जास्तीचं भाडं भरायचं, तिथं बसायला फक्त रविवार उरतो. ऑफिस खराडी, येरवडा, मगरपट्टा किंवा कॅम्पात असेल तर उलट: कोरेगाव पार्क. फक्त खराडीवाल्यांनी टोकन देण्याआधी एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास मुंढवा चौक स्वतः पार करून बघावा. नॉर्थ मेन रोडवरून पूल ओलांडून कल्याणीनगरमार्गे जाणं अनेकांना त्यापेक्षा परवडतं, म्हणून घर कुठल्या टोकाला आहे यानं बराच फरक पडतो. सतत विमानानं फिरणाऱ्यांनाही कोरेगाव पार्कच सोयीचं, लोहगावचा विमानतळ तिथून जवळ.

मेट्रोचं म्हणाल तर वनाज-रामवाडी मार्ग मार्च २०२४ पासून पूर्ण धावतोय, पण तो कोरेगाव पार्कच्या कडेनं जातो, आतून नाही. रूबी हॉल किंवा बंडगार्डन स्टेशनपर्यंत रिक्षा नाहीतर स्वतःचे पाय. बाणेर रस्त्यावरून हिंजवडी-शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा मेट्रोमार्ग जातो आणि ‘मेट्रोलगत’ म्हणून तिथं भाडी चढवून सांगतात. गाडी धावत असेल तर तिचे पैसे द्या, नुसत्या खांबांचे नको.

आता घर. सारख्याच भाड्यात तुम्हाला साधारण हे मिळतं: कोरेगाव पार्कात गल्लीतल्या जुन्या बिल्डिंगमधला मोठ्या खोल्यांचा फ्लॅट, किंवा बाणेरात नव्या टॉवरमधला जिम, क्लबहाऊस आणि झाकलेलं पार्किंग असलेला. कोरेगाव पार्कातली वडाची झाडं बघून माणूस विरघळतो, आणि विरघळावंच अशी ती आहेत. पण त्याच झाडांमुळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर पावसाळाभर ऊन येत नाही. घर बघताना बेडरूमची भिंत कमरेपर्यंतच ताजी रंगवलेली दिसली तर तळवा टेकवून बघा. गार आणि किंचित चिकट लागली तर आत ओल आहे. ऑगस्टात कपाटातले कपडे सांगतीलच. मग मीटरपाशी जाऊन वायरिंग बघा. दोन एसी आणि गीझर एकदम लावले तर चालेल का, हे मालकाच्या तोंडावर विचारा. लिफ्ट असेलच असंही धरून चालू नका.

बाणेरची मेख पाण्यात आहे. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाइपलाइन मागून आली, त्यामुळे बाणेर-बालेवाडीतल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. हे मालक सांगणार नाही, एजंट तर नाहीच. गेटवरच्या वॉचमनला विचारा, ‘काका, दिवसाला टँकर किती येतात? उन्हाळ्यात किती?’ तो आकडा सांगतो, वर पाणी किती ते किती वाजता सोडतात तेही सांगतो. आणि टँकर बोअरच्या पाण्याचे असतील तर नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरलेला दिसेल. गीझर आणि वॉशिंग मशीनचं आयुष्य त्यावर ठरतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की तुमच्याकडून वेगळा घेणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी ‘बघू हो, ॲडजस्ट करू’ला काही अर्थ नसतो.

पावसाचं आणखी एक. कोरेगाव पार्कचा नदीकाठ आणि बाणेरातला रामनदीचा काठ, दोन्हीकडे तळमजला आणि बेसमेंटमधलं पार्किंग घेताना मागच्या पावसाळ्यात पाणी किती आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

आवाज दोन्हीकडे आहे, जात वेगळी. कोरेगाव पार्कात मेन रोडला लागून घर असेल तर शुक्रवार-शनिवारी रात्री बासची धडधड खिडकीच्या काचेत जाणवते. दोन-तीन बिल्डिंगा आत गेलं की गल्ली एकदम शांत. म्हणजे पत्ता तोच, झोप वेगळी. घर शनिवारी रात्री बघायला जा, एजंट कुरकुरला तरी. बाणेरकडे बालेवाडी हाय स्ट्रीट या हॉटेल-पबच्या रस्त्याच्या आजूबाजूला तोच प्रकार, शिवाय शेजारी नवी बिल्डिंग चालू असेल तर सकाळपासून ड्रिलिंग. बाल्कनीसमोर रिकामा प्लॉट दिसला की ‘ओपन व्ह्यू’ म्हणून हुरळून जाऊ नये.

एकट्या मुला-मुलींना घर कुठं लवकर मिळतं? माझ्या मते कोरेगाव पार्कातल्या सुट्या जुन्या बिल्डिंगांमध्ये. १९७४ मध्ये रजनीशांचा, म्हणजे ओशोंचा, आश्रम आला तेव्हापासून इथल्या मालकांना देशोदेशीचे भाडेकरू ठेवायची सवय आहे. कोण कधी येतं-जातं याची चौकशी कमी. बाणेरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये मालक तयार असतो आणि कमिटी अडते. पाहुण्यांची नोंद, रात्रीची वेळ, ‘बॅचलर फक्त सी विंगमध्ये’ असले नियम. नियमावली करार करण्याआधी मागून घ्या. कुटुंब असेल, लहान मूल असेल तर मात्र बाणेर सरस. शाळेची बस गेटपर्यंत येते, खाली खेळायला मुलं असतात, पोळी-भाजी केंद्र हाकेच्या अंतरावर. कोरेगाव पार्कात आंबवलेला पाव कुठंही मिळेल, साधी ज्वारीची भाकरी शोधावी लागते. फिरायला एकीकडे नाल्याच्या जागी फुलवलेलं ओशो तीर्थ उद्यान, दुसरीकडे तुकाईची टेकडी. चढण आवडणाऱ्यांनी टेकडी निवडावी.

कागदपत्रांत दोन्हीकडे सगळं सारखंच. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्यानं देण्याचा नेहमीचा करार, अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. ‘नोटरी करून घेऊ, चालतं’ म्हणणाऱ्या मालकाकडे पाठ फिरवा. खर्चही फार नाही. ३५ हजार भाडं, एक लाख परत मिळणारं डिपॉझिट, अकरा महिने असं धरा: एकूण भाडं ३ लाख ८५ हजार, त्यात मिळवा डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे हजाराच्या आत-बाहेर, शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंट याचे आठ-दहा हजार सांगत असेल तर पावत्या मागा. त्याचं कमिशन, साधारण महिन्याचं भाडं, ते वेगळंच.

लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही तो काळ, बारकाईनं वाचा. तुमच्यावर सहा महिने आणि मालकावर शून्य, असं एकतर्फी कलम सर्रास असतं. आणि कोरेगाव पार्कात भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर गेलं, तर भाड्यातून २ टक्के टीडीएस (मालकाचा आयकर) कापून सरकारकडे भरणं हे भाडेकरूचं काम होतं. हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

नवरा-बायकोपैकी एकाचं ऑफिस खराडीत आणि दुसऱ्याचं हिंजवडीत असेल, तर ही दोन्ही नावं बाजूला ठेवा. औंध किंवा शिवाजीनगरकडे बघा. झगमगाट कमी, घरं जुनी, पण प्रवास दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो.