लोम्बोकमधले माझे बारा आर (जे माझे कधीच नव्हते)

आधी आकडा सांगून टाकतो, कारण तोच लपवत मी दीड वर्ष काढलं. इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरच्या जमिनीत घातलेले ४८ कोटी ७० लाख रुपिया. दचकू नका, आपल्या एका रुपयाला तिथले तेव्हा साधारण १९० यायचे. म्हणजे साडेपंचवीस लाख आणि वर थोडे. त्यातले ४२० जुता जमिनीचे, साडेअठरा जुता नोटरी आणि कागदपत्रांचे, ४६ जुता कुंपणाच्या भिंतीचे आणि लाकडी ओसरीचे, अडीच जुता वाडीच्या प्रमुखाला ‘सिगारेटचे पैसे’. जुता म्हणजे दहा लाख. हिंदीत जुता म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तोही बसला.

मी मूळचा इचलकरंजीचा, २००९ पासून पश्चिम जावात कापड गिरणीच्या विणकाम खात्यात. ताक्यात एक तार तुटली असली तर चालता चालता दिसते मला. भाषा इतकी येते की माझ्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर कामगार सुंदानीजमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत बोलतात. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की ‘परदेशात भाषा कळली नसेल बिचाऱ्याला’ असं कुणी म्हणू नये. आमचे मेहुणे म्हणून झालेच आहेत.

आणि कायदाही मी वाचला होता. १९६० चा पाचव्या क्रमांकाचा जमीन कायदा. ‘हक मिलिक’ म्हणजे पूर्ण मालकी, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला. (हक्क आणि मालकी, दोन्ही शब्द अरबांनी आपल्यालाही दिले आणि त्यांनाही.) परक्या माणसाला वापराचा हक्क मिळतो, ‘हक पाकाई’, किंवा भाडेपट्टा, नाहीतर परदेशी भांडवलाची कंपनी काढायची. सगळं माहीत होतं. पण बालीत कितीतरी गोरे स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन बंगले बांधून राहतात, मग मीच काय पाप केलंय, असा विचार केला. तो रस्ता तुम्हाला माहीतच असेल: जमीन त्याच्या नावावर, आणि बाजूला त्याच्याकडून मुखत्यारपत्र, खोटा कर्जाचा करार आणि लांब मुदतीचा भाडेपट्टा लिहून घ्यायचा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदालिकाच्या नव्या सर्किटवर सुपरबाइकची शर्यत होती, ती बघायला आम्ही लोम्बोकला गेलो. मध्यस्थ तिथेच भेटला. सुराबायाचा, चाळिशीचा, आवाज कधी चढायचा नाही. मार्चमध्ये मोटोजीपी येतेय, मग दर तिप्पट, असं त्यानं एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. घाई न करणारा माणूस मला प्रामाणिक वाटला. खेडं समुद्रापासून आत होतं, सासाक लोकांचं. पावसाळ्यात भात, मग तंबाखू, म्हशी, दोन मशिदी. कितीतरी घरांतला कर्ता मुलगा मलेशियात पामच्या मळ्यावर, आणि घरी आजी नातवंडं सांभाळतेय. हिरवंगार होतं. बायको म्हणाली, कोकणात आल्यासारखं वाटतं. निवृत्तीनंतर इथे दोन खोल्या, चार नारळ, सकाळी कॉफी, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवून टाकलं. (जमीन बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात बघा. त्याच गावात तेव्हा पाणी टँकरनं विकत घेतात. हे मला भिंत बांधताना कळलं, कारण सिमेंट कालवायला पाणी नव्हतं.)

दर ३५ जुता एका आरला. आर हा शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, इथेही आर. गुंठ्यापेक्षा किंचित कमी. त्या एका ओळखीच्या शब्दामुळे मी बाकीचे कागदही ओळखीचे धरून चाललो. दाखवले ते दोन कागद. एक, दरवर्षीच्या घरपट्टी-शेतसाऱ्यासारख्या कराची पावती, मयत बापाच्या नावाची. दुसरा ‘स्पोरादिक’, म्हणजे जमीन आमच्याच ताब्यात आहे असं ताबेदारानं स्वतःच लिहायचं, दोन साक्षीदारांनी आणि गावप्रमुखानं सही करायची. जमीन खात्याचं प्रमाणपत्र नव्हतंच. ‘तुम्ही घेतलीत की लगेच काढू, पाक.’ पाक म्हणजे साहेब. कराची पावती मालकीचा पुरावा नसते. हे वाक्य मी इचलकरंजीत किमान दहा जणांना ऐकवलं असेल.

आता तो दिवस. फेब्रुवारी २०२२. रात्रभर लोक किनाऱ्यावर न्याले नावाचे समुद्री किडे गोळा करत होते, त्यांचा मोठा सण असतो तो. दुसऱ्या दिवशी ‘दिवस चांगला आहे’ म्हणून सह्या ठेवल्या. घरासमोर बेरुगाक असतो, चार खांबांवरची उघडी ओसरी. तिच्यावर आम्ही सगळे मांडी घालून. थोरला भाऊ, मधला भाऊ, एक बहीण, वाडीप्रमुख, मध्यस्थ, आणि मध्यस्थाचा मेहुणा, ज्याच्या नावावर जमीन होणार होती. तो ड्रायव्हर होता. खांबाला टेकून म्हातारी आई.

कागदावर वारसांची नावं चार होती. सह्या चार होत्या. ओसरीवर भावंडं तीन.

मी मोजली होती. हे मला जास्त छळतं. ‘चौथा?’ असं मी विचारलं, आणि मध्यस्थ म्हणाला, त्यानं आधीच सही करून दिलीय. तेवढ्यात म्हातारी सासाकमध्ये काहीतरी बोलली. लांब वाक्य. मला त्यातला एकच शब्द कळला: मलेशिया. थोरल्यानं मान खाली घातली, आणि मध्यस्थ हसून म्हणाला, ‘आई म्हणते, धाकटा मलेशियात आहे, त्याची आठवण येते. कॉफी घ्या, पाक.’

मी कॉफी घेतली.

दोन वर्षं कोविडमुळे जाणं-येणं जवळपास बंद होतं. मलेशियानं सीमा उघडल्या त्या १ एप्रिलला. मग फेब्रुवारीत त्या पोराची सही कशी आली? हा हिशेब करायला पदवी लागत नाही. आमच्याकडे चुलत्याच्या सहीवाचून बांधावरची बाभूळसुद्धा तोडता येत नाही. माझ्या वडिलांनी एका हिश्श्यासाठी अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांचा मुलगा कॉफी प्यायला. म्हातारी काय म्हणाली होती ते मला पुढे शेजारणीनं सांगितलं: ‘धाकट्याला मलेशियात फोन करून विचारा, त्याचाही वाटा आहे.’ एवढंच. सगळ्यांना कळलं होतं, फक्त पैसे देणाऱ्याला सोडून. जिथली बोली तुम्हाला येत नाही तिथे स्वतःचा दुभाषा न्या. मध्यस्थाचा दुभाषा हा मध्यस्थच असतो.

त्याच संध्याकाळी ३७० जुता पाठवले. ५० आधीच दिले होते.

धाकटा २०२३ च्या जूनमध्ये परतला. भिंत त्यानं आणि त्याच्या मित्रांनी एका दुपारीत पाडली, फोटो मला वाडीप्रमुखानंच पाठवले. मध्यस्थाचा नंबर बंद. त्याचा मेहुणा म्हणाला, कागदावर मालक मी आहे, भांडायचं तर मी भांडायचं, आणि मला भांडायचं नाही. पुढे कळलं, त्याला धाकट्याकडून काही मिळालं होतं. धाकट्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर ओसरीही पाडली असती. ती त्यानं ठेवलीय, तिथे बसतो म्हणे.

मग सरकारी दारं. चार फेऱ्या, विमान आणि हॉटेल मिळून ११ जुता ४ लाख, हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. पोलिसांनी पहिल्या दिवशी तीन तास बसवलं आणि सांगितलं, हे ‘पेर्दाता’, दिवाणी, कोर्टात जा. मी म्हटलं, सही खोटी आहे, फसवणुकीचं ३७८ कलम आहे. अधिकारी म्हणाला, सही ज्याची खोटी केली त्यानं तक्रार करायची, तुम्ही कोण? धाकट्याला तक्रार कशाला करायचीय, त्याला जमीन मिळाली! दुसऱ्या फेरीला तो अधिकारी प्रशिक्षणाला गेलेला. तिसऱ्या फेरीला माझा अर्ज सापडेना, मीच प्रत दिली, तिच्यावर शिक्का मारून ती मलाच परत दिली. जमीन कार्यालयात टोकन ४१, आणि नंबर आल्यावर उत्तर असं: मालकाच्या मुखत्यारपत्राशिवाय काही दाखवता येत नाही, आणि तसंही या तुकड्याची इथे नोंदच नाही. नोंद नाही हे आधी सांगा की, मुखत्यारपत्र नंतर मागा! गावप्रमुख नवा, म्हणाला जुन्यानं सही केली. जुना म्हणाला, वाडीप्रमुखानं आणलं ते मी सही केलं. वाडीप्रमुखानं माझी सिगारेट ओढली.

नोटरीबाई सगळ्यांत थंड. त्यांनी केलं होतं ते ‘वारमेर्किंग’. डच काळापासूनचा शब्द. अर्थ इतकाच, की अमुक तारखेला हा खासगी कागद माझ्याकडे नोंदवला. सह्या कुणाच्या, खऱ्या का खोट्या, त्यांची जबाबदारी नाही. मी शिक्का बघून पूर्ण खरेदीखत समजलो होतो. खरं खरेदीखत जमीन-दस्त अधिकाऱ्यापुढे, सगळ्या पक्षांच्या हजेरीत होतं, आणि वारमेर्किंगच्या शिक्क्यावर एक रुपियाही देऊ नका. ‘वेळ लागेल, साबार, पाक,’ असं प्रत्येक खिडकीत ऐकलं. साबार म्हणजे सबुरी. हाही शब्द ओळखीचाच.

शेवटी लोम्बोकमधल्याच मातारम शहरातल्या एका वकिलानं पाच जुता घेऊन त्याच १९६० च्या कायद्याचं २६ वं कलम उघडून वाचून दाखवलं. परक्याकडे थेट किंवा आडवळणानं मालकी जाईल असा व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे मी जिंकलो तरी हरलो. त्यानं विचारलं, हे तुम्ही वाचलं नव्हतं? मी म्हटलं, २१ व्या कलमापर्यंत वाचलं होतं.

मध्यस्थाचा लाडका शब्द होता ‘पेर्चाया’. विश्वास ठेवा. तो आपल्या ‘प्रत्यय’वरून आलाय. इंडोनेशियनमध्ये ‘दुस्ता’ म्हणजे खोटं, तो आपला ‘दुष्ट’. ‘साक्सी’ म्हणजे साक्षी, आणि त्या कागदावरचे दोन्ही साक्सी त्याचे ड्रायव्हर होते. हे मी गिरणीतल्या कँटीनमध्ये बसून शब्दकोशात शोधलं. काय करणार, दुसरं काही हाताला लागत नव्हतं.

तुम्हाला राहायचंच असेल तर भाडेपट्टा घ्या, जमीन खात्याचं प्रमाणपत्र असलेल्या जमिनीचाच, आणि मुदतवाढीची अट आधीच दरासकट लिहून घ्या. वारस मोजा. मोजून कमी पडले तर उठा, कॉफी तशीच राहू द्या.

परवा वाडीप्रमुखाचा व्हॉट्सॲप आला. त्या तुकड्याच्या यंदाच्या कराची पावती, अजून मयत बापाच्याच नावाची, ६२ हजार रुपिया. ‘भराल का, पाक?’ गेल्या वर्षी मी भरले होते.