गळाची समुद्री स्पर्धा: वजनकाटा ठेवायचा की मोजपट्टी?

गळाने मासे धरण्याची स्पर्धा भरवायची ठरली की जागा, भरतीची वेळ, बक्षिसं हे सगळं पटापट जमतं. अडतं ते एकाच ठिकाणी: मासे काट्यावर आणून तोलायचे, की धरल्या जागी मोजून पाण्यात सोडायचे? माझं मत आधीच सांगतो. कातळावरून, जेट्टीवरून किंवा खाडीत गरवायचं असेल तर मोजून सोडणं निःसंशय चांगलं. पण बोटीने खोल पाण्यात जाणार असाल, तर तेच सोडणं पुष्कळदा माशाला मरायला पाठवणं ठरतं. तिथे वेगळे नियम लागतात.

काट्याची बाजू

काट्याचं बळ त्याच्या सरळपणात आहे. मासा सगळ्यांसमोर, आकडा सगळ्यांसमोर. बघ्यांना मजा येते, आणि मासा वायाही जात नाही: कोणाच्या तरी घरी कालवण होतं किंवा लिलाव करून पैसे चांगल्या कामाला देता येतात. खाण्यासाठी मासा मारण्यात गैर काही नाही, हे आपल्या किनाऱ्यावर कोणी कोणाला पटवून द्यायची गरज नाही.

काट्यावर फसवणूक होत नाही, हे मात्र खरं नाही. 2022 साली अमेरिकेत ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत विजेत्या जोडीचे मासे चिरले, तर पोटात शिशाचे गोळे निघाले. ते सरोवर गोड्या पाण्याचं, पण धडा खाऱ्या पाण्यालाही लागू आहे.

काट्याचा खरा तोटा कुठे होतो, ते जिताड्यावरून नीट कळतं. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि वाढत गेल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा, सगळ्यात वजनदार जिताडा ही बहुतेक वेळा अंड्यांनी भरलेली मादी असते, आणि अशी मादी एका हंगामात कोटीहून अधिक अंडी देऊ शकते. सर्वांत जड माशाला पहिलं बक्षीस लावणं म्हणजे नेमकी तीच काढायला माणसं पाठवणं. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलँड राज्याने त्याला खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा घातल्या आहेत: 58 सें.मी.पेक्षा लहान ठेवायचा नाही, 120 सें.मी.पेक्षा मोठाही नाही. कातळातल्या हेकरूच्या जातभाईंचं उलटं असतं. आधी मादी, मग नर. तिथे मोठा मासा उचलला की कळपातला नर जातो. कसंही बघा, काटा त्याच माशाला शोधतो ज्याची समुद्राला सर्वांत जास्त गरज आहे.

सोडण्याची बाजू, आणि तिची खरी किंमत

मोजून सोडण्याच्या पद्धतीला आता मोठा आधार आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या लू बंदरात 1953 साली शार्क गरवणाऱ्यांचा क्लब निघाला. तेव्हा धरलेले शार्क धक्क्यावर टांगले जात. आता तिथे ते बोटीशेजारीच सोडतात. गळाच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफए या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2011 पासून लांबीवरचे विक्रमही सुरू केले. त्यासाठी मासा ठरलेल्या पट्टीवर मोजून जिवंत सोडावाच लागतो.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकू नये. स्वित्झर्लंडच्या प्राणिरक्षण नियमांनुसार सोडून द्यायच्याच हेतूने मासे गरवायला मनाई आहे. खायचा नसेल तर त्या जिवाला त्रास कशाला, असा तो विचार. मला तो पूर्ण पटत नाही, कारण स्पर्धा बंद झाल्या तरी खाड्यांवर नजर ठेवणारी, जाळ्यांचे अवशेष उचलणारी, बदल टिपणारी माणसं गरवणाऱ्यांतूनच येतात. पण त्या आक्षेपामुळे आपल्यावर एक जबाबदारी येते: सोडलेला मासा जगलाच पाहिजे.

तो जगतो का? 2005 सालच्या एका आढाव्यात अशा मृत्यूंचे 274 अंदाज एकत्र पाहिले गेले. सरासरी 18 टक्के मासे मेले, मध्यक (सगळे अंदाज क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) 11 टक्के. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो पल्ला: शून्यापासून 95 टक्क्यांपर्यंत. म्हणजे 'सोडला' या एका शब्दाखाली जवळजवळ सगळे जगले आणि जवळजवळ सगळे मेले, दोन्ही येतं.

त्यामुळे सोडण्याच्या स्पर्धेतही माशांच्या संख्येला मर्यादा हवी. समजा तीस जणांनी प्रत्येकी एकच मासा काट्यावर आणला, तर तीस गेले. तेच तीस जण मर्यादेशिवाय धरत-सोडत राहिले आणि तीनशे मासे झाले, तर 11 टक्क्यांच्या हिशोबानेही तेहतीस गेले. प्रत्येकाचे सर्वोत्तम तीनच मासे मोजायचे, एवढा एक नियम पुष्कळ फरक पाडतो. अर्थात काट्याच्या स्पर्धेतही लहान मासे परत टाकले जातातच, ते कोणी मोजत नाही इतकंच.

जगणं-मरणं ठरतं ते मुख्यतः गरी, म्हणजे गळाचा हुक, कुठे लागली यावर. आमिष लावलेली साधी गरी मासा गिळतो आणि ती घशात, पोटात रुतते. सर्कल हुकचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. अट एवढीच की हिसका मारायचा नाही, मासा ओढायला लागला की सावकाश रील फिरवायची. अमेरिकेने अटलांटिकमधल्या मार्लिन या मोठ्या समुद्री माशाच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत सर्कल हुक 2008 पासून सक्तीची केली. आपणही नियमपत्रिकेत पहिली ओळ हीच लिहावी. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. गरी खोल गेली असेल तर उपटू नये, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोंडाजवळ कापून मासा सोडावा.

मग उरतो हवेतला वेळ. आपलं पाणी कोमट, आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. दमलेल्या माशाला पुळणीच्या तापलेल्या वाळूवर ठेवून फोटो काढत बसणं त्याला परवडत नाही. ओले हात, ओली मोजपाटी, शेजारच्या स्पर्धकाची साक्ष, एक फोटो आणि लगेच पाणी. पाकट किंवा मोरी (लहान शार्क) शेपटीला धरून उचलू नये.

गुण कसे द्यायचे, यावर मंडळं फार कमी वेळ घालवतात. नुसत्या सेंटिमीटरची बेरीज केली तर 40 सें.मी.चे दोन मासे 75 सें.मी.च्या एका माशाला हरवतात. वजन मात्र साधारणपणे लांबीच्या घनाने वाढतं, म्हणून एकाच जातीचे असले तर त्या दोघांचं मिळून वजन मोठ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही भरत नाही. यावर उपाय म्हणजे जातीनुसार लांबीवरून वजनाचा तक्ता आधी छापून देणं. तसा तक्ता नसेल तर किमान लांबी ठरवावी आणि तिच्याखालच्या माशाला गुणच नाहीत असं जाहीर करावं. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी किमान आकार अधिसूचित केला आहे. स्पर्धेची मर्यादा त्याच्या बरीच वर ठेवायला हरकत नाही.

खोल पाणी

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तीस मीटरवर चौपट. तिथून हेकरू किंवा तांबोशी वर ओढली की पोटातली हवेची पिशवी त्याच पटीत फुगायला बघते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून लोंबतं, आणि सोडलेला मासा पोट वर करून तरंगतो. मग घारी आहेतच. मोरी आणि पाकटांना ही पिशवी नसते, त्यामुळे हा त्रास त्यांना नाही.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात प्रवाळ-खडकांवरचे मासे धरणाऱ्या बोटींना 2022 साली माशाला पुन्हा खोलवर नेऊन सोडण्याचं साधन किंवा फुगलेल्या पिशवीतली हवा काढण्याची सुई जवळ ठेवणं बंधनकारक झालं. सुई अनाडी हातात धोक्याची. त्यापेक्षा उलटा प्लास्टिकचा क्रेट, कडेला वजनं आणि वर दोरी: मासा त्याखाली धरून खाली न्यायचा, की तो आपोआप निसटतो.

बोटीच्या स्पर्धेसाठी मधला मार्ग मेरीलँडच्या व्हाइट मार्लिन ओपनमध्ये दिसतो. 1974 पासून चालणाऱ्या या स्पर्धेत काट्यावर यायला किमान वजनाची अट आहे आणि सोडलेल्या माशांनाही गुण आहेत, त्यामुळे बहुतेक मार्लिन सुटतात. बक्षिसांची रक्कम फार मोठी असली तरी हे जमतं.

तेव्हा निवड अशी करा. किनारा, जेट्टी, खाडी: मोजपट्टी, सर्कल हुक, तीन मासे, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे येतो तेव्हा स्पर्धाच नको. उथळ पाण्यात होडीने सुरमईमागे जाणार असाल तर काटा चालेल, कारण ती झुंजून लवकर दमते आणि सोडूनही तिचा भरवसा नसतो. पण माणशी एक. आणि खोल कातळावर, क्रेट आणि तो वापरणारा माणूस प्रत्येक बोटीवर नसेल तर सोडण्याची स्पर्धा ठेवू नका. तिथे माणशी दोन मासे ठेवायचे, दुसरा मासा बोटीत आला की त्या माणसाने गरी वर घ्यायची.