सेफ्ट्रायॅक्झोन की अमिकासिन: सुई टोचण्याआधी काय सांगायचं, काय विचारायचं

लघवीतला जंतुसंसर्ग किडनीपर्यंत चढला की डॉक्टरांच्या बोलण्यात बरेचदा सेफ्ट्रायॅक्झोन आणि अमिकासिन या दोन अँटिबायोटिक्सची नावं येतात. दोन्ही इंजेक्शनं दिवसातून एकदा देता येतात, शिरेतून किंवा स्नायूत. निवड डॉक्टरच करणार. पण त्यासाठी लागणारी अर्धी माहिती तुमच्याकडेच असते आणि प्रत्येक औषधाला ती वेगळी लागते.

सेफ्ट्रायॅक्झोनची मोठी भीती ऍलर्जीची. तीव्र ऍलर्जी बहुधा काही मिनिटांतच दिसते: अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. म्हणून पहिला डोस उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावा आणि नंतर अर्धा तास तरी तिथेच बसावं. टेस्ट डोसला (आधी थोडंसं औषध टोचून पाहतात त्याला) काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यावरून ऍलर्जी नाहीच असं ठरत नाही.

‘मला पेनिसिलिन चालत नाही’ एवढंच सांगूनही भागत नाही. काय झालं होतं आणि किती वेळात झालं, ते सांगा. नुसती मळमळ ही ऍलर्जी नव्हे. श्वास कोंडला असेल किंवा कातडी सोलवटली असेल, तर गोष्ट वेगळी. पेनिसिलिन न चालणाऱ्या दहातल्या एकाला सेफ्ट्रायॅक्झोनच्या गटातली औषधंही बाधतात, हा जुना समज आहे. आता ते प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानतात.

अमिकासिन घात करतं ते सावकाश. ते जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते शरीरात साठतं आणि किडनीला व आतल्या कानाला इजा करतं. किडनी बहुतेकदा सावरते, कान मात्र सहसा सावरत नाही. त्यातही आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येत असतं आणि काही बिघडलंय याचा पत्ताच लागत नाही. म्हणून हे इंजेक्शन सुरू होण्याआधी वजन आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं का, हे विचाराच. उपचार लांबला तर क्रिएटिनिन पुन्हा बघावं लागतं, रक्तातली औषधाची पातळीही.

घरात कुणाला, विशेषतः आईकडच्या नात्यात, अशा इंजेक्शनांनंतर बहिरेपण आलं होतं का? हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, म्हणून आपणहून सांगावं. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे काही जणांची श्रवणशक्ती नेहमीच्या डोसनेही जाऊ शकते. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध), वेदनाशामक गोळ्या, उलट्या-जुलाबांनी सुकलेलं शरीर, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), गरोदरपण, यातलं काहीही असेल तर तेही सांगा.

किडनी कमजोर आणि पेनिसिलिनचा त्रास कधीच नाही, अशा माणसाला माझ्या मते सेफ्ट्रायॅक्झोन बरं. ते लघवीसोबत पित्तातूनही बाहेर पडतं. त्यामुळे पित्ताशयात गाळ साठू शकतो, पण औषध थांबवल्यावर तो बहुधा विरघळतो. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर रक्त जास्त पातळ होण्याचा धोका असतो. नवजात बाळाला कॅल्शियमयुक्त सलाईन चालू असेल तर हे इंजेक्शन देतच नाहीत, कारण औषध आणि कॅल्शियम यांचा साका फुफ्फुसांत आणि किडनीत बसू शकतो. स्नायूत देताना दुखू नये म्हणून ते लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. ते मिश्रण शिरेत जाता कामा नये.

तीव्र ऍलर्जीचा इतिहास आणि धडधाकट किडनी असेल, तर थोड्या दिवसांसाठी अमिकासिन पुढे येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतही अमिकासिन ‘ॲक्सेस’ गटात आहे आणि सेफ्ट्रायॅक्झोन ‘वॉच’ गटात, म्हणजे जंतू निर्ढावण्याची जास्त भीती असलेल्या औषधांत.

दोन्हींच्या बाबतीत एक विचारून ठेवा: लघवीचा कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते सांगणारा) आल्यावर गोळीवर जाता येईल का? ताप उतरला आणि पोटात औषध टिकत असेल, तर पुष्कळदा येतं. आणि अमिकासिन चालू असताना कानात शिट्टी वाजू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पुढचा डोस घेण्याआधीच डॉक्टरांना कळवा.