गच्चीवरची वीज वाटून घ्यायची तर कशी? सोसायटीचं उत्तर वेगळं, वाडीचं वेगळं

परवा आतेभावाचा फोन आला, तो पाटणकडचा. म्हणाला ताई, तुमच्या सोसायटीत सोलर बसवलं ना, आमच्या वाडीत पण बसवायचं चाललंय, तर सगळ्यांनी मिळून गायरानात एकच मोठा प्लांट टाकायचा का घरटी वेगळं? आणि त्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका जिन्यात भेटले, त्यांचाही प्रश्न तोच, फक्त गायरानाच्या जागी गच्ची. मी दोघांना दोन वेगळी उत्तरं दिली आणि दोघांनाही ती पटायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इंजिनिअर नाही, सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे सगळं हिशोबाच्या बाजूनेच दिसतं मला, आणि खरं सांगायचं तर पॅनल सगळ्यांची थोडीफार सारखीच असतात, भांडणं होतात ती युनिट कुणाच्या बिलात वळते होणार यावरून.

आधी सोसायटी घेऊ. आमचे ४८ फ्लॅट, सिंहगड रोडला, दोन लिफ्ट, पाण्याच्या मोटारी, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. कॉमन मीटर महिन्याला २४०० युनिटच्या आसपास खायचा. आता बघा, हा मीटर एकच कनेक्शन आहे, म्हणजे घरगुती दराचे जे स्लॅब (टप्पे) आहेत, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५००, मग त्याच्यावर, त्यातला पहिला स्वस्त भाग दोन दिवसांत संपतो, आठवडाभरात ५०० ओलांडतात आणि बाकी सगळा महिना सगळ्यात महाग स्लॅबमध्ये. बिल चाळीस हजारांच्या घरात. बरेच जण म्हणतात की कॉमनचं काय, आमच्या घरचं बिल कमी झालं पाहिजे, पण अहो ते कॉमनचं बिल तुम्हीच भरताय ना मेंटेनन्समधून, फ्लॅटमागे आठशेच्या वर.

तर पर्याय पहिला, कॉमन मीटरवर नेट मीटरिंग, म्हणजे पॅनलने दिलेली युनिट त्याच मीटरच्या बिलातून वजा. महाराष्ट्रात एक किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, महिन्याला १२०, म्हणजे २४०० युनिटला २० किलोवॅट. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, २००० फूट गेले. आम्हाला कोटेशन साडेदहा लाखाच्या आसपास आलं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली) सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे, घरामागे ३ किलोवॅट धरून कमाल ५०० किलोवॅटपर्यंत, म्हणजे आमचे ३ लाख ६० हजार. उरले सात लाख, ते सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या रकमेला) हात न लावता सहा महिने जादा वर्गणी काढून जमवले. आमच्या हिशोबाने दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. फिक्स्ड चार्ज वगैरे राहतातच, बिल शून्य होईल असं जो सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि वाटणीचा प्रश्नच येत नाही इथे, हा सगळ्यात मोठा फायदा. लिफ्ट सगळ्यांची, वीज सगळ्यांची, मेंटेनन्स कमी झाला तर सगळ्यांचा झाला, भाडेकरू असो नाहीतर मालक.

पर्याय दुसरा, ज्याचं त्याने. म्हणजे प्रत्येक फ्लॅटवाल्याने आपल्या मीटरला आपली पॅनल लावायची. बंगल्याला किंवा रो हाऊसला हे उत्तम, डोळे झाकून करा, सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे, तिसऱ्याला १८,०००, तीन आणि त्याच्या वर कमाल ७८,०००. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज असेल तर २०२४ च्या ग्राहक हक्कांच्या सुधारित नियमांनुसार टेक्निकल फीझिबिलिटीच्या (लाईनला ते झेपेल का याच्या) तपासणीशिवायच मंजूर धरायचाय, तेवढा त्रास पण वाचला. पण सात मजली बिल्डिंगमध्ये? आमच्या गच्चीवर कॉमनचे २० किलोवॅट बसल्यावर टाक्या, लिफ्ट रूम, डिश अँटेना सोडून उरली १२०० फूट. म्हणजे १२ किलोवॅट. ती ४८ जणांत कशी वाटणार? जो आधी येईल त्याला म्हणालात तर बारा जण खूष आणि छत्तीस जण पुढच्या वार्षिक सभेला तुमच्यावर. शिवाय बारा इन्व्हर्टर, बारा नेट मीटर, डक्टमधून सात मजले खाली येणाऱ्या बारा वायरी. आमच्याकडे एका सभासदाने हट्टाने सुरू केलं होतं, गच्चीवरची जागा कॉमन असते आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो हे कळल्यावर शांत झाले.

पर्याय तिसरा, व्हर्च्युअल नेट मीटरिंग. याच्यावर मी जास्त लिहिणार कारण वाटून घेणं म्हणतात ते खरं हेच. त्याच १२०० फुटांवर १२ किलोवॅटचा एकच प्लांट, त्याला एकच मीटर, सगळी वीज थेट ग्रिडला (वीज कंपनीच्या लाईनला), आणि महिन्याच्या शेवटी वीज कंपनी ती युनिट ठरवून दिलेल्या टक्क्यांनी प्रत्येक फ्लॅटच्या बिलात वजा करते. तुमच्या घरापर्यंत वेगळी वायर येत नाही. दिल्लीने २०१९ मध्येच यासाठी नियम केले, याच धर्तीवर ग्रुप नेट मीटरिंगही असतं पण ते एकाच मालकाच्या अनेक मीटरसाठी, गोंधळ करू नका. केंद्राच्या योजनेत या पद्धतीने बसवलेल्या प्लांटलाही सबसिडी धरलेली आहे. ज्यांना स्वतःची गच्चीच नाही त्यांना वाटा मिळतो, भाड्याच्या घरातल्यालाही मिळू शकतो, एकदम न्याय्य वाटतं ऐकायला.

आता हिशोब करू. १२ किलोवॅटचे महिन्याला १४४० युनिट, भागिले ४८, प्रत्येकी ३० युनिट. समान वाटप झालं ना? नाही झालं. दुसऱ्या मजल्यावर जोशी आजी समजा (नाव बदललंय), एकट्या, महिन्याला ९० युनिट, त्यांची ३० युनिट वाचली पहिल्या स्लॅबमधली. पाचव्या मजल्यावर दोन एसीवाले, ६०० युनिट, त्यांची ३० युनिट वाचली सगळ्यात वरच्या स्लॅबमधली, आणि त्या दोन दरांत तिपटीच्या आसपास फरक आहे. पैसे दोघांनी सारखे भरले, युनिट सारखे मिळाले, आणि आजींचे वाचले पावणेदोनशे तर यांचे पाचशेच्या वर. हे मी कमिटीत मांडलं तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. मग उलट करायचं, ज्याचा वापर जास्त त्याला जास्त टक्के आणि त्याने पैसेही जास्त भरायचे? एकूण बचत त्यातच जास्त होते, हे गणिताने खरंय, पण मग गच्ची सगळ्यांची आणि फायदा एसीवाल्यांचा असं होतं, त्याला भाडं लावायचं का, किती लावायचं, आणि हे सगळं लिहून ठेवणार कोण.

बंद फ्लॅटचा आणखी एक घोळ. मुलं अमेरिकेत, फ्लॅटला कुलूप, त्यांच्या वाट्याची युनिट बिलात साठत राहतात आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की उरलेली युनिट वीज कंपनी विकत घेते पण ती तुम्ही ज्या दराने वीज घेता त्या दराने नाही, बऱ्याच कमी दराने. म्हणजे शेजारी १८ रुपयाने वीज घेतोय आणि बाजूच्या बंद घराची युनिट स्वस्तात जातायत. भाडेकरूचं तर आणखी गमतीशीर, पैसे मालकाने भरलेले, बिल भाडेकरूचं कमी होणार, मग मालक भाडं वाढवणार. टक्केवारी मधे बदलता येते का आणि वर्षातून किती वेळा, हे करार करायच्या आधी विचारून घ्या. आणि मुख्य म्हणजे वीज कंपनीच्या आपल्या सबडिव्हिजन ऑफिसला लेखी विचारा की असा अर्ज तुम्ही घेता का आणि बिलिंग सिस्टीममध्ये हे आधी केलंय का, कारण कागदावर नियम असणं आणि काउंटरवर अर्ज घेणं यात किती अंतर असतं ते आपल्याला काही नवीन नाही.

चौथा पर्याय व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतो, की माझी जास्तीची वीज मी थेट शेजाऱ्याला विकणार, मधे कुणी नाही, ब्लॉकचेन (संगणकावरची सामाईक हिशोबवही) वगैरे. लखनऊमध्ये याचा प्रायोगिक प्रकल्प झाला होता, पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर, तिथे किरकोळ दरापेक्षा ४३ टक्के कमी भावाने व्यवहार झाले असं समोर आलं आणि २०२३ मध्ये उत्तर प्रदेशच्या वीज नियामक आयोगाने त्यासाठी नियमही केले. चांगलंच आहे. पण वायर शेवटी वीज कंपनीचीच वापरायची, तिचं भाडं आहेच, स्मार्ट मीटर दोन्हीकडे हवा. आज सोसायटीची मीटिंग यावर घालवू नका एवढंच माझं मत.

तर सेक्रेटरी काकांना मी सांगितलं, आधी कॉमन मीटर पूर्ण भागवा, एक वर्ष चालवा, एक ३१ मार्च बघा, मग उरलेल्या गच्चीसाठी व्हर्च्युअलचा विचार करा, तोपर्यंत कुणाच्या बिलात काय हे समजायला लोकांना सवय होते. दोन-तीन गोष्टी ज्यात आम्ही मार खाल्ला त्या पण सांगते. एक, सबसिडी हवी असेल तर पॅनल देशात बनलेल्या सौर सेलचीच लागतात, स्वस्त कोटेशन बघून भुलू नका, सबसिडी गेली की तेच महाग. दोन, आमच्या कॉन्ट्रॅक्टरने चार पॅनल टाकीच्या इतक्या जवळ लावली की दुपारी तीननंतर सावली, आणि एका ओळीतलं एक पॅनल सावलीत गेलं की अख्ख्या ओळीवर परिणाम होतो, ती नंतर आमच्या खर्चाने हलवली. तीन, लाईट गेली की हे सोलर पण बंद होतं, बॅटरी नसेल तर होणारच, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोय असते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये अडकलेले गृहस्थ बाहेर आल्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आता वाडी. इथे मी बरोब्बर उलटं सांगितलं, घरटी बसवा.

कारण साधंय. वाडीतल्या घराचा वापर महिन्याला साठ-सत्तर युनिट, प्रत्येकाला स्वतःचं छप्पर, एक किलोवॅट पुरून उरतं आणि त्याला ३०,००० सबसिडी. आतेभावाच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, शंभरच्या आसपास घरं, तीही अशीच घराघरावर. बिघडलं तर एकाचं बिघडतं, बाकीच्यांच्या घरात उजेड असतो.

त्याच्या डोक्यात होतं ते वेगळं, वाडीचा स्वतःचा प्लांट, स्वतःच्या वायरी, बॅटऱ्या, वीज कंपनीला रामराम. त्याला मी बिहारच्या धरनईची गोष्ट सांगितली. जहानाबाद जिल्ह्यातलं गाव, तीसेक वर्षं अंधारात, २०१४ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने १०० किलोवॅटचा मायक्रोग्रिड (गावापुरतं वीजजाळं) उभा केला, माजी मुख्यमंत्री उद्घाटनाला आले तर लोकांनी ‘असली बिजली’ मागितली. मग ग्रिडची लाईन आली, ती स्वस्त, तिच्यावर फ्रिज-इस्त्री काहीही चालतं, सोलरवर मोजके दिवे आणि पंखा. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, नवीन कुणी घेतल्या नाहीत आणि त्या जागेत गुरं बांधायला लागले. लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मी पण तेच केलं असतं.

पण जिथे लाईन पोचतच नाही तिथे हाच पर्याय खरा. आपल्या जुन्नर तालुक्यातली दरेवाडी, २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या पुण्याच्या कंपनीने साधारण १० किलोवॅटचा प्लांट बसवला, चाळीसेक घरं, घरोघरी मीटर आणि गावाचाच ट्रस्ट दर महिन्याला पैसे गोळा करणार, कारण पुढे बॅटरी बदलायला ते लागणार. फुकट वाटलं असतं तर बॅटरी कुठून आली असती.

शेतीपंपाचं पुन्हा तिसरंच. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी म्हणून गाव आहे, तिथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर सहकारी मंडळी काढली, पंपाला लागेल तेवढी वीज वापरायची आणि उरलेली मंडळीमार्फत वीज कंपनीला, युनिटला ४ रुपये ६३ पैसे, करार २५ वर्षांचा. वर पाणी वाचवल्याचा आणि हरित विजेचा मिळून अडीच रुपये बोनस संशोधन संस्थेकडून. वीज विकली की पैसे मिळतात म्हटल्यावर उगाच पंप चालू ठेवायचं कारणच उरत नाही. दूध संघ चालवलेल्या गावांना हे पटकन कळेल, कारण हिशोबाची वही तीच, फक्त लिटरऐवजी युनिट.

आतेभावाने सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट विचारली जी माझ्या डोक्यातच नव्हती, की ताई, कौलारू घरांचं काय? जुनी घरं, वासे सागाचे असले तरी वाळवी लागलेली, त्यावर पॅनल चढवायचं म्हणजे पावसाळ्यात धाकधूक, आणि पाटणचा पाऊस. तर आता त्याने वाडीत फिरून मोजलंय, ३४ घरांत ११ कौलारू. बाकीची २३ घरटी बसवणार. त्या अकरांसाठी शाळेच्या गच्चीवर ११ किलोवॅटचा एक सामाईक प्लांट आणि व्हर्च्युअल वाटप होतंय का, यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडून त्याने वीज कंपनीकडे लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. वापर सगळ्यांचा साठ-सत्तरच, सगळे एकाच स्लॅबमध्ये, त्यामुळे आमच्या जोशी आजींचा प्रश्न तिथे येणार नाही. पॅनल पुसायला कोण जाणार ते मात्र ठरायचंय.