पाणी उतरलेला वस्तरा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबा बलुत्यावर दाढ्या करायचे. त्यांची धोकटी माझ्याकडे आली तेव्हापासून जुने वस्तरे नीट करायचा नाद लागला. म्हणजे मी नवखा नव्हतो, तरी फसलो.

मोबाइलवर फोटो दिसला. जर्मनीच्या सोलिंगेनचा वस्तरा, काळी मूठ, पातं आरशासारखं. भाव ४,२०० रुपये. विकणारा फोनवर म्हणाला, "भाऊ, मह्या आज्याचा हाये, नड हाये म्हणून इकतो." आज्याचं नाव काढलं की माझी अक्कल गहाण पडते. धार जवळून दाखव म्हटलं, तर रेंज नाही म्हणाला. (आमच्याकडेही नसते, त्यामुळं पटलं.) पैसे आगाऊ टाकले. पाच दिवसांनी पार्सल एसटीनं आलं.

धार लावायच्या पथरीवर लावला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. पहिली दाढी झकास. दुसरीला ओढायला लागला, तिसरीला नुसता खरडत होता. दोष आपल्याच हाताचा समजून मी आठवडाभर पथरी झिजवली. शेवटी बाबांनी धार अंगठ्याच्या नखावर टेकवली नि म्हणाले, "याचं पाणी उतरलं हाये, बाप्पा." म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलेला.

भिंग लावून पाहिलं, तर टोकाशी धारेलगत पुसट निळी झाक. असलं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेशी अगदी पातळ. गंज काढायला विकणाऱ्यानं ते बफवर, म्हणजे मोटारीवर गरगर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर, दाबून धरलं असणार. पातळ पोलाद क्षणात तापतं. २०० अंशांच्या वर गेलं की मऊ पडायला लागतं, आणि निळं दिसलं म्हणजे ३०० च्या आसपास पोचलेलं. पॉलिश पेपरनं हातानं घासायला दोन-तीन संध्याकाळी लागतात, तेवढा दम कुणाला? वरून चकाकी पुन्हा आणता येते, पाणी नाही.

खूण आधीच समोर होती. दांडीवर ठोकलेल्या 'सोलिंगेन'चं शेवटचं अक्षर जवळजवळ पुसलं गेलं होतं. मी ते जुनेपण समजून खूश झालो होतो! अक्षरांच्या कडा अशा विरघळलेल्या दिसल्या की बफ जोरात चाललाय असं समजा. साफ करण्याआधीचा फोटो मागा. पाठही पाहा, पथरीवर धारेबरोबर पाठ टेकते, ती घासून सपाट झाली असेल तर लावण्याचा कोनच बिघडतो.

त्याला फोन केला, तर म्हणाला, "तुमाले लावता येत नाही." नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आले नाहीत.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला, मुठीवरच्या त्याच ओरखड्यासकट. वस्तरा इथं माझ्या खुंटीला आहे. भाव आता ५,००० झालाय.