घरी बनवलेल्या कॅम्पर ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या, झोपायची सोय असलेल्या डब्याच्या) दारासाठी 20 × 20 × 1.5 मिमी ॲल्युमिनियम एल पट्टी : 5 पैकी 3.5

नाशिकला सातपूर-अंबड पट्ट्यात ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात ही पट्टी 12 फुटी लांबीत, वजनावर मिळते. 600 × 900 मिमीच्या, गोल कोपऱ्यांच्या दाराला एक लांबी पुरते. घेताना काट्यावर लक्ष ठेवा. खरी 1.5 मिमी असेल तर एक नग साधारण 570 ग्रॅम भरतो. 460च्या आसपास भरला, तर जाडी 1.2 मिमीच आहे आणि ती कोपऱ्यावर हमखास चिरणार. फिनिश साधीच घ्या. ॲनोडाइज्ड (वर कडक ऑक्साइडचा थर चढवलेली) पट्टी वाकवली की थरावर बारीक भेगा पडतात. रंग हवा असेल तर वाकवून झाल्यावर पावडर कोटिंग करून घ्यावे.

सरळ बाजूंवर पट्टी छान बसते. खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. एलची एक पाख, म्हणजे एक बाजू, दाराच्या जाडीला चिकटते, दुसरी बाहेर येऊन बॉडीवर झाकण धरते. त्रिज्या 50 मिमी असेल, तर चतकोर वळणात आतली कड 78.5 मिमी आणि बाहेरची 110 मिमी. म्हणजे 31 मिमीचा फरक धातूने ताणून भरून काढायचा. त्रिज्या 100 केली तरी फरक 31 मिमीच राहतो, फक्त तो दुप्पट लांबीवर वाटला जातो. त्यामुळे या पट्टीसाठी 75 मिमी ही खालची मर्यादा धरा. दार आधीच 50चे कापून झाले असेल, तर 12 × 12 ची पट्टी घ्या. तिथे फरक 19 मिमीवर येतो.

दुकानात मिळते ती 6063 मिश्रधातूची, कडक केलेली पट्टी. ती थंडच वाकवली तर बाहेरच्या कडेपासून तडकते. म्हणून आधी नरम करावी लागते, आणि अडचण अशी की ॲल्युमिनियम तापले तरी लाल दिसत नाही. म्हणून तापमान ओळखायला पट्टीवर कपड्याच्या साबणाची वडी कोरडीच घासून गॅसगनची ज्योत सतत फिरवत ठेवा. साबणाची रेघ काळपट झाली की लगेच थांबा. नरम होण्याचे तापमान 415 अंशांच्या आसपास आहे, 615च्या पुढे धातू वितळू लागतो. ज्योत एका जागी थांबली की पाख वितळलीच म्हणून समजा. हवेवर गार होऊ द्या आणि त्याच दिवशी वाकवा.

ज्याच्याभोवती पट्टी वाकवायची तो फर्मा 18 मिमी प्लायचा, 75च्या कोपऱ्यासाठी त्रिज्या 72 मिमी. सोडल्यावर पट्टी थोडी उघडते, ते 3 मिमी कमी त्यासाठी. फर्मा सपाट फळीवर स्क्रूने घट्ट बसवून बाहेरची पाख फळीवर टेकवा. दोन्ही टोकांना धरायला किमान 150 मिमी जास्त लांबी हवी. एका दमात 90 अंश वाकवू नका. दर 10-15 अंशांनंतर वर उठलेली पाख लाकडी मोगरीने खाली ठोका. ठोकल्याने धातू पसरतो आणि ताण हलका होतो. साधारण 45 अंशांवर हाताला पुन्हा कडक लागेल, तेव्हा परत साबण आणि ज्योत. जास्त वाकली म्हणून उलटी सरळ करायला जाल, तर तडा तिथेच जातो.

वळणात आणि वळणापासून 25 मिमीपर्यंत भोक पाडू नका, चीर भोकापासूनच सुरू होते. स्क्रू स्टेनलेस 304चेच घ्या. पट्टीखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी रबरी चिकटपट्टी) हवीच, कसारा-इगतपुरीच्या पावसात नुसते सिलिकॉन दगा देते. जोड दाराच्या खालच्या बाजूला मधोमध ठेवा आणि 2 मिमी फट सोडा, आत गेलेले पाणी तिथून निघून जाते.

दीड गुण कापला तो नरम केलेल्या कोपऱ्यांसाठी. तिथे पट्टी कायमची मऊ राहते आणि साध्या ठोक्यानेही पोचा पडतो. कोपरा न वाकवता दोन पट्ट्या तिरक्या कापून व्हीचा जोड दिला तर हा त्रास टळतो, पण चार जोड म्हणजे पाणी शिरायला चार वाटा, म्हणून तो पर्याय आम्ही सुचवत नाही.